माजघरात गाणं थांबतं

१८ जानेवारी

नीलेश,

“ताई, भिंत आपल्या दोघांतली आहे, आईला ती कळणारसुद्धा नाही.”

गवंड्याने माजघरात दोरी ताणली त्या सकाळी तू हे म्हणालास. तुझ्या हातात चहाचा कप होता आणि तो मीच आणून दिला होता. आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. तेव्हा तिला तांदळातला खडा दिसायचा.

पण मी भांडायला लिहीत नाही. फोनवर आपण दुसऱ्या वाक्याला भांडतो आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून मेल. काम असं आहे की तू लावून दिलेले स्पीकर मधेच बंद पडतायत. सगळे एकदम नाही. ओटीवरचा नीट चालतो. माजघरातला आणि स्वयंपाकघरातला अचानक मुके होतात. कधी थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागतात, कधी संध्याकाळपर्यंत नाही. मागच्या पडवीतला आणि न्हाणीबाहेरचा त्यांच्या लहरीवर.

तू म्हणशील, गाणंच ना, नाही वाजलं तर काय बिघडलं? दिवाळीत तू ते बसवलेस तेव्हा सुरभीही म्हणाली होती, “आईंना तेवढीच करमणूक.” तुम्ही गेल्यावर काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता सांगते.

आईला काचबिंदूने आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तिच्या पायांत मात्र जुनंच घर आहे. स्वयंपाकघरातून उठायचं, माजघर ओलांडायचं की समोर न्हाणी. ती न्हाणी वाटणीत तुझ्याकडे गेली. आता माजघराच्या मधोमध तुझी भिंत आहे, आणि मी बांधलेल्या न्हाणीकडे जायला मागच्या पडवीतून वळसा घ्यावा लागतो. हे तिला समजतं, पण पायांना समजत नाही. सगळ्या खोल्यांत एकच गाणं एका वेळी लागायला लागलं तेव्हा तिने स्वतःच युक्ती काढली. पुढच्या खोलीतून गाणं ऐकू येतं त्या दिशेने पाऊल टाकायचं. “गानं पुढं हाय तं वाट हाय,” म्हणते.

गाणं थांबलं की ती जुन्या घरात जाते, आणि जुन्या घरात भिंत नाही.

आईच्या हाताला थोडं लागलंय. काळजीचं नाही. मी दिवसभर कर्जतला मेडिकलच्या दुकानात असते, शेजारच्या चंद्राबाई येऊन-जाऊन बघतात. नेटवर्क दुरुस्त करण्याचेच तुला पैसे मिळतात. काय करू ते कळव.

हर्षला

२५ जानेवारी

नीलेश,

“राउटर बंद करून चालू कर.” इतकं मोठं उत्तर लिहायला तुला आठवडा लागला.

बंद केला, चालू केला. आई दोन घास जेवते तेवढा वेळ गाणं चाललं आणि माजघरातलं थांबलं.

मग कंपनीचा माणूस बोलावला. त्याने मोबाइलवर काहीतरी मोजलं. “मॅडम, स्पीड फुल आहे. प्रॉब्लेम तुमच्या स्पीकरचा आहे.” स्पीकरवाल्यांना फोन लावला. ती मुलगी फार गोड बोलत होती. “मॅम, आमचे स्पीकर ओके दिसतायत, प्रॉब्लेम इंटरनेटचा आहे.” आपल्या घरासारखंच झालं. दोघेही बरोबर, मधे आई.

म्हणून मीच वाचायला लागले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मोबाइलवर वाचते. राउटर लोखंडी कपाटावर ठेवू नये असं कळलं, तो माळ्याच्या तुळईवर चढवला. स्वयंपाकघरातला स्पीकर तू भाताच्या पत्र्याच्या कोठीला टेकवून ठेवला होतास, तो फळीवर घेतला. मिक्सर आणि फ्रिज एकेक करून बंद करून बघितले. थोडा फरक पडला. ओटीवर आणि पडवीत आता गाणं अडखळत नाही. माजघर आणि स्वयंपाकघर तसंच.

तू लावून दिलेले अभंग आईला आवडतात, पण रविवारी मी शोधून लग्नातले धवले लावले. तुला आठवत असेल तर, कर्जतपासून खालापूरपर्यंत लग्नघरचे लोक आईला गायला न्यायला यायचे. धवलारीण आल्याशिवाय हळद लागायची नाही. तर हे रेकॉर्डवरचं गाणं ऐकून आई चंद्राबाईंना म्हणते,

“चंद्रे, ही बाय एवडी घाईत का गं? नवरीला हलद लावतेय का पलवून नेतेय?”

“तुजा सूर कुटं उरलाय आता? गप आइक.”

“सूर नसंल. ठेका तं कानात हाय ना.”

दोघी हसत होत्या. आई हसत हसतच न्हाणीकडे जायला उठली आणि माजघरात गाणं तुटलं. तिने उचललेलं पाऊल तसंच खाली ठेवलं. चंद्राबाई म्हणाल्या, “सोनू, थांब, मी हात देते.” आई म्हणाली, “हात नको. गानं लाव.”

मी गाणं लावू शकले नाही. पाचही स्पीकर तुझ्या खात्यावर आहेत. माझ्या फोनवरून मी गाणं निवडते आणि आवाज कमी-जास्त करते, एवढाच माझा अधिकार. मला त्या खात्यात घे. तुझ्या बाजूने दोन मिनिटांचं काम आहे.

हर्षला

९ फेब्रुवारी

नीलेश,

“तू हात लावू नकोस, अजून बिघडवशील. आलो की बघतो.” वाचलं. हात लावला नाही. पण डोळे मला अजून आहेत, त्यांनी बघितलं.

गाणं केव्हा थांबतं ते बघत गेले. लाइट जाऊन आली की हमखास थांबतं. इथे लाइट किती वेळा जाते हे तू बंगळूरला विसरला असशील. लाइट येते, माझा राउटर जागा व्हायला वेळ घेतो, आणि तो जागा व्हायच्या आत माजघरातल्या स्पीकरवर हिरवा दिवा लागलेला असतो. म्हणजे तो कुणाला तरी जोडला गेलेला असतो. कुणाला?

मग मी माझा राउटर बंद केला आणि फोन हातात धरून घरभर फिरले. ओटीवर काही नाही. स्वयंपाकघरात वायफायच्या दोन रेघा. माजघरात भिंतीजवळ गेले तशा सगळ्या रेघा भरल्या, आणि वर आपल्याच घराचं नाव. सोनुबाई निवास. बाबांनी दारावर लाल रंगाने रंगवलेलं तेच.

आता आठव. वाटणी झाल्यावर तू तुझ्या बाजूला वेगळं कनेक्शन घेतलंस आणि त्यालाही तेच नाव दिलंस. पासवर्डसुद्धा तोच, कारण सुरभीला सगळ्यांच्या फोनमध्ये नवीन घालायचा कंटाळा होता. मी म्हटलं, एक नाव बदलू या. तू म्हणालास, “घराचं नाव मुलाकडे राहतं, ताई.” मीही बदललं नाही. मला वाटलं, नाव आईचं आहे, ते कुणा एकाचं कसं होईल? असे आपण दोघं भिंतीच्या दोन बाजूंनी आईचं नाव धरून बसलो. बिचाऱ्या स्पीकरांना काय कळणार? नाव तेच, किल्ली तीच. जो जवळ, जो आधी जागा, त्याच्याकडे जायचं. माजघरातला तुझ्याकडे गेला की बाकीच्यांपासून तुटतो आणि गप्प होतो.

इथवर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग लक्षात आलं, तुझी बाजू तर तू बंगळूरला गेल्यापासून कुलूपबंद आहे. मग आत नेट कशाला चालू?

मागून गेले. तुझ्या न्हाणीच्या खिडकीची काच तुटलेली आहे, तुला ठाऊक असेल. तिथून तुझ्या बाजूच्या माजघरात बघितलं. बाबांची खाट, तिच्यावर प्लास्टिक. राउटरचे दिवे. आणि फळीवर एक कॅमेरा, भिंतीकडे तोंड करून.

दाराकडे असता तर मी समजले असते, चोर येतात. पण भिंतीकडे? ती सरकेल असं वाटलं तुला? मी आणि आई मिळून तिला तुझ्या बाजूला ढकलतोय असं?

बाबांचं तेरावं झाल्यावर तू हक्कसोडीचा कागद आणलास, आणि त्याच्यासोबत साडी. मोरपंखी. “नुसती सही कर ताई, रीतच आहे. बहिणी करतात.” आपल्याकडे बहिणी करतात, खरं आहे. आत्याने केली होती, नंतर ती माहेरी आली की पडवीत चपला काढून विचारायची, आत येऊ का? मी नवऱ्याचं घर सोडून आले होते. मला हे घर सोडून विचारायला दुसरी पडवी नव्हती. मी सही केली नाही. सुरभी तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणाली, “परत आलेल्यांनाच जास्त हवं असतं.” साडी तुम्ही परत नेलीत. मला तिचं वाईट वाटलं, रंग फार छान होता.

जाऊ दे. उपाय साधा आहे. दोघांपैकी एकाने नाव बदलायचं. माझं मी आज बदलते, पण मग तुझ्या खात्यातले पाचही स्पीकर मला ओळखणार नाहीत, ते सगळे तुझ्या नेटवर जातील किंवा मुके होतील. म्हणून एकतर तू तिथून तुझ्या राउटरचं नाव बदल, किंवा मला खात्यात घे, मी माझं बदलून ते नव्याने जोडते. घराचं नाव तुझ्याकडे राहू दे. मला गाणं हवंय.

हर्षला

२२ फेब्रुवारी

नीलेश,

तू लिहिलंस, “नाव बदललं तर कॅमेरा तुटेल, तो परत जोडायला मला तिथे यावं लागेल. मार्चमध्ये बघू.” खात्याबद्दल एक शब्द नाही.

तुझ्या मीटरचा खटका माझ्या पडवीत आहे. हात लांबवला की पोचतो. इतकी वर्षं मी लांबवला नव्हता. बुधवारी लांबवला. का, ते फोनवर तू ऐकून घेतलं नाहीस, म्हणून लिहिते.

पहिल्या मेलमध्ये आईच्या हाताला थोडं लागलंय असं लिहिलं होतं. थोडं नव्हतं. मनगट मोडलं होतं. गाणं थांबलं, ती जुन्या न्हाणीकडे निघाली, भिंतीवर आपटली, वळताना उंबऱ्याला अडखळून पडली. प्लॅस्टर घालून आणल्यावर मी तुला ते लिहिलं नाही, कारण तू काय म्हणशील ते मला पाठ होतं. मंगळवारी ती पुन्हा आपटली. या वेळी कपाळ. सुपारीएवढं टेंगूळ आलं. चंद्राबाई रडत होत्या आणि आई त्यांना समजावत होती, “आगं भिताडच हाय, वाघ नाय.”

बुधवारी मी सुट्टी घेतली आणि तुझा खटका खाली केला. मग स्पीकर एकेक करून बंद-चालू केले. पाचही माझ्याकडे आले. नीलेश, दिवसभर गाणं एकदाही तुटलं नाही. आई प्लॅस्टरचा हात छातीशी धरून ओटीपासून न्हाणीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. काही काम नव्हतं. नुसती जात-येत होती. लहान मुलं नवीन चप्पल घालून फिरतात तशी.

आणि फोन वाजला. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

“ताई, आमच्याकडची लाइट गेलीय का?”

“नाही. मी बंद केलीय.”

“कुणाला विचारून?”

“आई पडली, नीलेश.”

“आज?”

“जानेवारीत.”

“जानेवारीत! आणि आत्ता सांगतेस? म्हणजे तुला जमत नाहीये, ताई. सरळ कबूल कर ना.”

पाठ होतं म्हटलं ना. मागून सुरभीचा आवाज आला, “आधी खटका चालू करायला सांग त्यांना.” तू लगेच तेच म्हणालास. मी नाही म्हटलं. तू पोलीस म्हणालास. मी म्हटलं, आण, त्यांनाही टेंगूळ दाखवते. फोन स्पीकरवर होता हे आपण दोघं विसरलो. आई माजघराच्या दारात उभी होती.

“हर्षे, लाव गं त्याची लाइट.”

“आई, तू मधे पडू नको.”

“लाव मनते ना. पोराच्या घरात अंदार नको.”

तू ऐकलंस हे. तू काहीतरी म्हणशील असं वाटलं. तू म्हणालास, “थँक्यू, आई,” आणि फोन ठेवलास.

मी खटका वर केला. स्वयंपाकघरातलं गाणं त्याच दिवशी तिन्हीसांजेला गेलं.

हर्षला

५ मार्च

नीलेश,

पनवेलच्या वृद्धाश्रमाचे फोटो मिळाले. भिंतींना धरायला दांडे आहेत, प्रत्येक पलंगाला बेल आहे, पुढच्या अंगणात गुलाब आहेत. स्वच्छ दिसतं. येत्या सोमवारी गाडी घेऊन येतोयस हेही वाचलं. आईला मी सगळं सांगितलं, एक फोटो न वगळता. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “तितं न्हानी कुटल्या अंगाला?”

मला माहीत नव्हतं. तुला आहे का?

तू हेही लिहिलंस की मी आता हक्कसोडीवर सही केली तर “भिंतीचा प्रश्नच उरणार नाही.” ठाण्याच्या ज्या माणसाला फार्महाउससाठी जागा हवी आहे तो दोनदा येऊन गेला, नीलेश. शेताच्या बांधावर उभं राहून तो फोनवर कुणाला तरी सांगत होता, घर पाडायला दोन दिवस पुरतील. प्रश्न उरणार नाही हे खरं, घरही उरणार नाही. सही मी करणार नाही. कोर्टात जा, आई संपेपर्यंत थांब, काय हवं ते कर.

राउटर आता मी माजघरातच आणून ठेवलाय, भिंतीला चिकटून. वायर ओटीवरून आणली. माझा आवाज तुझ्यापेक्षा मोठा व्हावा म्हणून. थोडा फायदा झाला. आता गाणं पूर्वीपेक्षा कमी तुटतं, पण तुटतं. दुकानातून मी दिवसातून कितीतरी वेळा ॲप उघडून बघते, माजघर बोलतंय का. गिऱ्हाईक ताटकळत उभं असतं. परवा एका म्हाताऱ्याला मी रक्तदाबाऐवजी साखरेच्या गोळ्या देत होते. मालकाने हात धरला.

तू म्हणतोस मला जमत नाहीये. नाही जमत. जमत असतं तर तुला पाच मेल लिहिले नसते. पण जे जमत नाहीये ते आईला सांभाळणं नाही. तिला भरवणं, अंघोळ घालणं, डोळ्यांत थेंब घालणं मला जमतं. एक भिंत दिवसभर तिच्यापासून चुकवणं मला जमत नाही.

काल मी कामाला जायच्या आधी आई माजघरात गेली. गाणं चालू होतं, तरी गेली. मी अडवलं नाही, मागे उभी राहिले. आपटली नाही. हात पुढे करून सावकाश गेली आणि भिंत लागल्यावर थांबली. चांगला हात होता त्या हाताने भिंत चाचपत राहिली, एकाच जागी, वर-खाली. भिंतीपलीकडे जुन्या न्हाणीची चौकट बरोबर समोर येते तिथे. कडी असते त्या उंचीला बोटं थांबली. मग म्हणाली, “हितंच होतं गं.” माझ्याशी बोलली की स्वतःशी, कळलं नाही.

तेव्हापासून मला तुझं खातं नकोय. तुझ्या राउटरचं नाव राहू दे, कॅमेरा राहू दे, पाचही स्पीकर येताना काढून ने हवे तर.

मला त्या भिंतीत, ती बोटं जिथे थांबली तिथे, एक दार पाडू दे. एकटी आई जाईल एवढंच. कडी तुझ्या बाजूने बसव, कुलूप तुझं, किल्ली फक्त दिवसा चंद्राबाईंकडे दे, माझ्याकडे नको. न्हाणी वापरल्याचं वीज-पाणी मी भरते. आई असेपर्यंत. ती गेल्यावर माझ्या खर्चाने बुजवून देते, तसं आत्ताच लिहून देते, तुझ्या वकिलाने मजकूर सांगावा.

तू सुरभीला विचारशील. ती म्हणेल, आज दार, उद्या खोली. तू वकिलाला विचारशील, तो म्हणेल ताबा जातो. मग तू मला विचारशील, आश्रमात बेल आहे तर दार कशाला? मी हे सगळं आधीच ऐकून बसले आहे. तुझं “नाही” कोणत्या शब्दांत येईल तेवढंच ठाऊक नाही. न विचारता पाडलं असतं, पण पहिला घाव बसला की तुझ्या फोनवर दिसेल, आणि आईच्या देखत तुझी गाडी पोलिसांबरोबर यायला नको.

म्हणून विचारते. सोमवारी येशील तेव्हा गाडी दारात उभी राहू दे, आईची पिशवी मी भरून ठेवणार नाही. आधी आत ये. माजघरात आईच्या शेजारी उभा राहा, तिचा हात जिथे जाईल तिथे खडूने चौकट आख, आणि ती मला फोडू दे.

ताई